जरा नावं ठेवा की!

घरात रोजचा स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला त्याला: "काय रे, वहिनी बऱ्या आहेत ना?" दुसरा वहिनींना: "कुठे मिळाला गं असला?" पुरुषाच्या हातात पळी दिसली की आपल्याला एक तर दुखणं आठवतं, नाही तर बायकोचं नशीब. ऑफिसात त्याने डबा उघडला, आत पडवळाची भाजी निघाली आणि तो "मीच केलीय" म्हणाला, की टेबलावर क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी घासभर उचलतं आणि "अय्या, काय सुंदर झालीय!" म्हणतं. पडवळाच्या भाजीला! आजवर कुठल्या बाईच्या पडवळाला हे भाग्य लाभलंय?

यावर कोणीतरी नळ आणि भीम यांची नावं काढणार. काढतातच. प्रत्येक लग्नात एक काका असतात. जिलेबी मोडता मोडता ते सांगतात, "पुरुषाच्या हाताला मुळातच चव असते. बघा, नळ, भीम!" काकांनी महाभारत बहुधा मालिकेत पाहिलंय, आणि तेही मधे मधे उठून.

भीमाचं बघू. वनवासाची बारा वर्षं पांडवांच्या आणि त्यांच्यामागे आलेल्या सगळ्या गोतावळ्याच्या पंगती उठल्या त्या द्रौपदीच्या हातच्या अक्षय थाळीवर. ती जेवली की थाळी रिकामी, म्हणून बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. या बारा वर्षांत भीमसेनांनी "आज तू बस, मी बघतो" म्हटल्याची नोंद नाही. त्यांच्या हाती पळी आली ती तेराव्या वर्षी, विराटाच्या मुदपाकखान्यात. घर परक्याचं, हुद्दा राजाच्या बल्लवाचा आणि खरी ओळख लपवलेली. द्रौपदी एकदा रात्री त्या मुदपाकखान्यात गेली, पण कीचकाचं गाऱ्हाणं घेऊन. पानावर बसायला नव्हे.

नळ मात्र वेगळा निघाला, आणि काकांना नेमका तोच माहीत नाही. तोही वेष पालटून, बाहुक होऊन, ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहिला होता. दमयंतीला संशय आला. तिने केशिनी नावाच्या दासीला पाठवून बाहुकाने शिजवलेलं मांस मागवलं, तोंडात घातलं आणि ओळखलं, हा आपलाच नवरा! ओळखलं कशावरून? महाभारतच कारण देतं: नळाच्या हातचं मांस तिने पूर्वी पुष्कळदा खाल्लेलं होतं. म्हणजे निषधाचा राजा, दाराशी आचाऱ्यांची रांग, तरी गडी घरी रांधत होता. सणावारी एकदा नव्हे. बायकोच्या जिभेला ओळख पटावी इतक्यांदा. चव घेतल्यावर दमयंतीने "वा, काय झालंय!" म्हटलेलं नाही. तिने आकांत केला.

ही चाचणी फार सोपी आहे. नवऱ्याचं नाव न सांगता पानात त्याची आमटी वाढा. बायकोने ओळखली तर तो रोजचा स्वयंपाकी. नाही ओळखली तर काका.

पुरुषांना स्वयंपाक येत नाही असं मुळीच नाही. पाचशे पानांच्या पंगतीचा आचारी पुरुष, उडुपी हॉटेलच्या तव्यापुढे पुरुष, वडापावच्या कढईशी पुरुष, जहाजावर खलाशांचं जेवण शिजवणारा भंडारी पुरुष. पगार सुरू झाला की बोटांना फोडणीचा अंदाज आपोआप येतो आणि उंबरठा ओलांडून घरात पाऊल टाकताच जातो. एवढंच कशाला, घरात बाई नसली तरीही गणित फारसं बदलत नसे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळ्या लावून झोपायचे. बायका गावाला. आता तरी चुलीशी बसावं लागलं असेल? छे. त्यांतले कितीतरी जण खानावळीत जेवायचे, आणि ती खानावळ आपल्याच खोलीत चालवणारी असायची एक बाई. अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे त्या जेवणालाही 'काम' म्हणतात हे लोकांच्या लक्षात यायला लागलं.

सरकारने याची मोजदादही केलीय. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, दिवसभरात जेवण रांधण्याच्या कामाला हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम सहा निघाले, बायका पंचाहत्तर. एकूण घरकामाला रोज किती वेळ लागतो, तर घरकाम करणाऱ्या बाईला 299 मिनिटं आणि पुरुषाला 97. पुढचं सर्वेक्षण 2024 मध्ये झालं. मधे करोना येऊन गेला, टाळेबंदीत डालगोना कॉफी आणि घरगुती पाव यांचे फोटो टाकून टाकून पुरुषांचे अंगठे दुखले. आकडा आला: बायका 289 मिनिटं, पुरुष 88. पाच वर्षांत आपले गडी नऊ मिनिटांनी सुधारले, पण उलट्या दिशेने. शिवाय या 88 मिनिटांत बाजारहाट, घरातली किरकोळ दुरुस्ती आणि पाळलेल्या कुत्र्याची उठबस हेही धरलेलं असतं. कुत्र्याचे लाड वजा केले तर वरणाला किती उरतात, ते ज्याचं त्याने बघावं.

"पण आमचे हे करतात हो, रविवारी मटण." बरोबर. रविवारच्या मटणाबद्दल बोलायलाच हवं, कारण ते जेवण नसतं, तो प्रयोग असतो. सकाळी आठला पिशवी घेऊन प्रस्थान. खाटकाशी पंधरा मिनिटं तात्त्विक चर्चा. घरी आल्यावर "खोबरं कुठंय, खसखस कुठंय, मोठं पातेलं कुठंय" अशी हाकाटी. कांदे चिरायला बायको, आलं-लसूण सोलायला मुलगी, मिक्सर लावायला आई. हे स्वतः फक्त परततात. परतताना एक पाय ओट्याच्या बाहेर, एका हातात मोबाइल, तोंडाने "तेल सुटेपर्यंत थांबावं लागतं, घाई करून चालत नाही" हे प्रवचन. ऐकणार कोण, तर गेली वीस वर्षं रोज तेल सुटेपर्यंत थांबलेली बाई. अडीचला पानं मांडली जातात. भुकेने कळवळलेली माणसं काहीही छान म्हणतात. त्यानंतर हे पंख्याखाली आडवे होतात आणि ओट्यावर उरतात चार पातेली, मिक्सरची दोन भांडी, हळदीचे ठसे आणि शेगडीखाली गेलेली पेंड.

हा हौशी नटवर्ग आपल्या आजच्या विषयात बसत नाही. त्याला टाळ्या मिळतात, मिळोत. विषय आहे मंगळवारचा.

मंगळवारचा स्वयंपाक सोमवारी रात्री सुरू होतो. मटकी भिजत घालायची, विरजण लावायचं, हे अंथरुणावर पडल्यापडल्या आठवून उठायचं. मेथीची जुडी आज निवडली नाही तर उद्या पिवळी. कोथिंबीर धुऊन ठेवायची नाही, कोरडीच ठेवायची. दाण्याचं कूट डब्याच्या तळाला गेलंय. गोडा मसाला संपत आला, आईला फोन करायला हवा. धाकट्याला डब्यात ओली भाजी नको, वह्या खराब होतात. बाबांना आजपासून तिखट बंद. कणीक आत्ता मळावी की सकाळी? हे सगळं ज्याच्या डोक्यात दिवसभर मागे चालू असतं, तो स्वयंपाक करतो. "सांग, काय करू? मी करतो ना!" असं उदारपणे म्हणणारा फक्त हाताखाली काम करतो, आणि हाताखालच्या माणसालाही आपलं कौतुक व्हावं असं वाटतं ही या धंद्यातली एकमेव सवलत आहे.

असा मंगळवारवाला पुरुष नाहीच असं नाही. आहे. वाढतोयही. बायकोची शिफ्ट, बदलीची नोकरी, एकट्याने वाढवायची मुलं, म्हातारे आईबाप, किंवा नुसतंच 'मला आवडतं आणि तिला कंटाळा येतो', अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने तो मुकाट्याने ओट्याशी उभा असतो. त्याचा फोटो कुठे दिसत नाही, कारण फोडणी तडतडत असताना फोटो काढायला तिसरा हात नसतो.

या माणसावर आपण एक मोठा अन्याय करतो. त्याच्या स्वयंपाकाला कोणी नावं ठेवत नाही.

बाईने केलेल्या पोळीचा काठ कच्चा राहिला तर ती कच्ची असते. पुरुषाने केलेली पोळी करपली तर ती 'खुसखुशीत' होते. तिचं वरण पातळ झालं तर लक्ष नव्हतं, त्याचं पातळ झालं तर "सूपसारखं लागतंय, छान!" तिने सलग दोन दिवस दुधी केला तर घरात सभा भरते, त्याने केला तर "दुधी तब्येतीला चांगलाच." सासूबाई, ज्यांनी सुनेच्या साबुदाण्याच्या खिचडीतला एकूण एक गच्च गोळा हेरून वर्षानुवर्षं लक्षात ठेवला, त्या जावयाने केलेला गिच्च लगदा दोनदा मागून घेतात. आणि त्याची स्वतःची आई? ती पानावरून सुनेकडे बघते. त्या नजरेत खिचडीविषयी काहीही नसतं.

माणसाला शिकायचं असेल तर कोणीतरी तोंड वाकडं करावं लागतं. आपल्या आज्या, आया सुगरण झाल्या त्या काही जन्मतः नव्हे. मीठ कमी पडलं तेव्हा कोणी ताट सरकवलं, कोणी टोमणा मारला, कोणी नुसतंच लोणचं मागितलं. ते योग्य होतं असं कोण म्हणेल? पण ज्या घरात बाईला हे सोसावं लागतं, त्याच घरात पुरुषाला दहावीच्या पोराला देतात तसे उत्तेजनार्थ गुण का? टीकेतसुद्धा राखीव जागा? कमाल आहे. आमटी आळणी आहे, हे त्याला सांगा. उद्या तो मीठ घालेल. तो मोडून पडणार नाही. पुरुष आहे तो, ऑफिसात साहेबाचं ऐकतोच की.

कायदा या बाबतीत आपल्या घरांच्या जरा पुढे आहे, म्हणजे अर्धा. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, बायको घरकाम करत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या एका नवऱ्याला ऐकवलं की घरच्या जबाबदाऱ्यांचा भार दोघांनी सारखा उचलायला हवा. दुसरीकडे 2016 च्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी घरातल्या बाईच्याच नावावर. हेतू चांगलाच होता, धूर तिच्याच डोळ्यांत जात होता. पण सिलिंडरवर तिचं नाव लागलं म्हणजे शेगडीही तिचीच, असा सोयीस्कर अर्थ काढायला घरातल्या कर्त्याला फार वेळ लागला नसणार. आणि प्रेशर कुकरची ती जुनी जाहिरात आठवते ना? बायकोवर प्रेम असेल तर कुकर विकत आणा, असं ती सांगायची. शिटी कोणी मोजायची, ते जाहिरातीला विचारायचं नसतं.

गणेशोत्सवात आणि महिला दिनाला सोसायट्यांमध्ये 'पुरुषांसाठी पाककला स्पर्धा' असतात. टाय लावलेले परीक्षक, केळीच्या पानावर मोदक, त्यावर केशराच्या काड्या, पहिल्या क्रमांकाला मिक्सर. (मिक्सर. घरी कोण वापरणार तो?) या स्पर्धांचे नियम बदलावेत अशी आमची संयोजकांना सूचना आहे. नवे नियम असे: स्पर्धा मंगळवारी, रात्री पावणेआठला, स्पर्धकाच्या स्वतःच्या घरी. तो नुकताच लोकलमधून उतरलेला असावा. फ्रिजमध्ये अर्धा दुधी, दोन मऊ टोमॅटो आणि झाकण न लागलेला भाताचा डबा. आजींचा चातुर्मास असल्याने कांदा-लसूण वर्ज्य, नातवाला दुधी वर्ज्य. सिलिंडर संपत आलेला, नवा उद्या येणार. काय करू, असं विचारल्यास गुण कापले जातील. मदतनीस आणल्यास बाद. प्रेक्षकांना प्रवेश नाही, फोटोला बंदी, आणि जेवताना घरच्यांनी मनात येईल ते स्पष्ट बोलायचं. भांडी घासून, ओटा पुसून, शेगडीखालून फडकं फिरवून झाल्यावरच वेळ थांबवली जाईल.

पहिलं बक्षीस: बुधवारी सकाळी सात वाजता दोन डबे. पोळी-भाजी, कोशिंबीर वेगळ्या डबीत.