धर्मवाले सर

आमच्या सोसायटीत कुणाकडे सत्यनारायण असला की यजमान दोनच चौकश्या करतात. गुरुजी वेळेवर येणार ना? आणि धर्मवाले सर गावाला गेलेत ना?

सरांची पूजेला हरकत नसते. इस्त्रीच्या झब्ब्यात येतात, हात जोडतात, पुढच्या रांगेत मांडी घालून बसतात. गडबड सुरू होते ती चौथ्या अध्यायात, साधुवाण्याच्या नावेत लतापत्रं निघाली की. सर शेजारच्याच्या कानाशी लागतात, "बंगालमध्ये सत्यपीर म्हणून आहे, तोच हा. हिंदू मानतात, मुसलमानही मानतात. त्याला शिरणी वाहतात. पीठ, दूध, साखर आणि केळं." एवढं बोलून ते प्रसादाच्या पातेल्याकडे अशा नजरेनं बघतात की शेजारच्यालाही बघावं लागतं. पाचव्या अध्यायापर्यंत अख्खी रांग शिऱ्यातल्या केळ्याकडे संशयानं बघू लागलेली असते आणि गुरुजी पोथीतून डोकं वर काढून विचारतात, "काही राहिलंय का मांडायचं?"

सर तौलनिक धर्माचे अभ्यासक. पुण्यात ही जमात दुर्मीळ नाही. भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज आणि नगर रस्त्यावरचं जेसुइटांचं ज्ञानदीप विद्यापीठ या त्रिकोणात ती विपुल आढळते. खांद्याला शबनम, शबनममध्ये वही, वहीत कुठल्या तरी धर्माचा अंगारा. रमजानमध्ये हे लोक संध्याकाळी मोमिनपुऱ्यात दिसतात, नाताळात कुणा फादरांकडे केक खातात, आणि बेने इस्रायली घरात एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा असला तर पोह्यांवरचा नारळ किती होता हेही नोंदवून आणतात. 'सहभागी निरीक्षण' असं या खाण्याला शास्त्रात म्हणतात. गैरसमज मात्र सगळीकडे सारखाच. चर्चमध्ये वाटतं, हा आता बाप्तिस्मा घेणार. दर्ग्यातल्या मुजावराला वाटतं, नवस बोलायला लाजतोय बिचारा. देवळातल्यांना तो नास्तिक वाटतो, आणि आमच्या सोसायटीतले खरे नास्तिक म्हणतात, इतकी देवळं हिंडणारा माणूस आतून भाविकच असणार.

या माणसाला शेतावर, म्हणजे 'क्षेत्रकार्या'वर, पाहावं. सर वही उघडतात. "आजी, ही प्रथा कधीपासूनची?"

"पहिल्यापासनंची."

सर लिहितात : मौखिक परंपरा, अतिप्राचीन.

"पण असंच का करायचं?"

"करायचं असतंय बाबा."

सर लिहितात : कर्मप्रामाण्य, तुलनेसाठी मीमांसक पाहा.

जेजुरीला एकदा मीही बरोबर होतो. पायरीवर बसलेल्या एका धनगर म्हाताऱ्याला सर सांगत होते की खंडोबाची एक बायको म्हाळसा वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची, मुसलमान भक्तही त्याला मानतात, आणि जर्मनीच्या हायडेलबर्गचा सोंथायमर नावाचा पंडित धनगरांमागून हिंडून त्यांच्या ओव्या गोळा करून गेला. म्हाताऱ्यानं हे सगळं ऐकून घेतलं. त्याला त्यात नवीन काहीच नव्हतं. सोंथायमर सोडला तर बाकी सगळं त्याच्या घरचंच. मग त्यानं विचारलं, "तुमचा देव कोनचा?"

सर सावरून बसले. म्हणाले, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. कुलदैवत ही सामाजिक व्यवस्था आणि श्रद्धा ही वैयक्तिक बाब, यांची गल्लत होता कामा नये.

म्हातारा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हंजी ठावं न्हाई," असं म्हणून त्यानं सरांच्या कपाळाला चांगला मूठभर भंडारा फासला. सरांचं कुलदैवत खंडोबाच, हे मला वहिनींकडून नंतर कळलं.

वहिनी म्हणजे सरांच्या घरातलं एकमेव निःसंदिग्ध विधान. २०११च्या जनगणनेला आलेल्या शाळेतल्या बाईंनी धर्म विचारला, तेव्हा सर म्हणाले, "जन्मानं, आचारानं की श्रद्धेनं?" बाईंच्या तक्त्यात हिंदूला १, मुस्लिमांना २ असे जैनांपर्यंत ६ आकडे होते, 'श्रद्धेनं' कुठेच नव्हतं. सरांनी त्यांना समजावलं की इंग्रजांनी १८७२च्या शिरगणतीत हा रकाना आखला आणि मग माणसं त्या रकान्याच्या मापाची होऊ लागली. बाईंची अजून अख्खी इमारत बाकी होती. शेवटी आतून वहिनींचा आवाज आला, "एक लिहा हो. आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

सरांच्या टेबलावर महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचा फोटो आहे. शिंदे १९०१मध्ये तौलनिक धर्माच्याच अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले होते, हे सर प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पाहुणा नवीन असेल तर पुढचं वहिनी सांगतात, "१९०३ला परत आले. १९०६ला अस्पृश्यांसाठी मिशन काढलं. आमच्याकडे अजून 'विषयाची व्याप्ती आणि मर्यादा' चाललंय."

यावर सरांचं उत्तर ठरलेलं. मॅक्स म्युलरची पूर्वेकडच्या धर्मग्रंथांची माला घ्या, पन्नास खंड. १८७९ला पहिला निघाला, शेवटचा १९१०ला. म्युलर १९००मध्येच गेला, तरी काम चालूच होतं!

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणतात.

एरवी माणूस कमालीचा सोशीक. रविवारी सकाळी पत्रकं घेऊन धर्मप्रचारक आले की लोक दार लावून घेतात. सर त्यांना कोचावर बसवतात आणि त्यांच्याच पंथाचा उगम, फूट आणि पोटफूट अशा तपशिलानं सांगतात की शेवटी घड्याळ प्रचारकच बघू लागतात. येशू देव की माणूस, आत्मा आहे की नाही, यावर ते दोन्ही बाजू सारख्याच मायेनं मांडतात. कुणाच्याही श्रद्धेनं त्यांना राग आलेला मी पाहिला नाही.

राग राखून ठेवलाय तो गोव्याच्या एका प्राध्यापकांसाठी.

वाद क्रिस्तपुराणाचा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट. गोव्यात राहून त्यानं मराठीत ओवीबद्ध पुराण रचलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि ते १६१६मध्ये रायतूरला छापलं. त्याच शतकात आणखी दोनदा छापलं गेलं, पण त्या तिन्ही छापांची एकही प्रत हाती नाही. उरल्या त्या हस्तलिखित नकला. त्यांतल्या रोमी लिपीतल्या बऱ्याच, आणि लंडनला मार्सडनच्या संग्रहात एक देवनागरीतली, संस्कृत शब्दांचं वजन जास्त असलेली. फादरच्या मुळाशी जवळची कोणती? सर म्हणतात देवनागरी. गोव्याचे प्राध्यापक म्हणतात रोमी. एवढंच. पण एवढ्यासाठी दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथात सरांचं मत एका तळटीपेत उरकलं होतं, तेही 'काहींच्या मते' असं. सर तो ग्रंथ उघडून त्या शब्दावर बोट ठेवतात आणि कापऱ्या आवाजात विचारतात, "मी 'काही'?" शैव-वैष्णवांनी एकमेकांचं गंध पुसलं असेल, पण तळटीपेत कुणी कुणाला घातलं नव्हतं.

मध्यंतरी एका सेमिनरीत धार्मिक सहिष्णुतेवर परिसंवाद होता. संयोजक फादरना सगळं ठाऊक. त्यांनी सरांना सकाळच्या सत्रात घातलं, प्राध्यापकांना दुपारच्या. जेवणाची सुट्टी मात्र एकच. मौलाना, भन्ते आणि एक जैन अभ्यासक एका टेबलावर रंगात आले होते, आणि इकडे वरणाच्या भांड्यापाशी सर आणि प्राध्यापक एकाच डावाला हात घालून थबकले. फादर धावत आले. दोघांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, झालं गेलं विसरा, आजचा विषय तरी बघा.

सर म्हणाले, "फादर, क्षमा तुमच्या शास्त्रात आहे. पाठचिकित्सेत नाही."

"अगदी बरोबर," प्राध्यापक म्हणाले. कित्येक वर्षांत दोघांचं एवढं एकच एकमत झालं, आणि दोघं आपापली ताटं घेऊन हॉलच्या दोन टोकांना गेले.

प्राध्यापकांच्या पुढच्या लेखात सरांचं ते वाक्य जसंच्या तसं आलं. तळटीपेत. 'काहींच्या मते.'