मेलेल्या डुकरातली गोळी

रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचं वावर कसं आडवं करतो, हे मोसम खोऱ्यातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या भावाने ज्याचं कंबरडं मोडलं आहे, त्याला प्राणिदयेचे धडे देण्याचा हक्क कुणालाच नाही. पिकाची नासाडी करणारं जनावर परवानगी घेऊन मारण्याची सोय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११मध्येच आहे. मला बोलायचं आहे ते त्या गोळीतल्या शिशाबद्दल.

शिसं मऊ असतं. हाडावर आदळलं की गोळी फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांबच्या मांसातही शिरतात. डोळ्यांना दिसत नाहीत. एक्स-रे काढला की पांढऱ्या ठिपक्यांचा सडा दिसतो. गोळी लागून पळालेलं डुक्कर कुठेतरी नाल्यात मरतं. मग तरस येतो, कोल्हा येतो, घार येते, गिधाड येतं. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले जंतू त्यात मरतात. पण त्याच आम्लात शिसंही विरघळतं आणि रक्तात जातं. अन्न पुढे सरकत नाही, पंखांतलं बळ जातं, खाऊनपिऊन पक्षी उपाशी मरतो. चोरट्या शिकारीचे छर्रे पाणथळीत पडले तर बदकं ते खडे समजून गिळतात. दाणे दळायला त्यांना पोटात खडे लागतातच.

अमेरिकेतला कॅलिफोर्नियाचा कॉन्डॉर हाही मढ्यावर जगणारा पक्षी. १९८२ साली जगात अवघे २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून ते पुन्हा रानात सोडले, तर तिथेही त्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण शिसंच निघालं. अखेर १ जुलै २०१९पासून कॅलिफोर्नियाने सगळ्याच शिकारीत शिशाची गोळी बंद केली. डेन्मार्कने तर शिशाचे छर्रे १९९६ सालीच हद्दपार केले. तिथली शिकार काही थांबली नाही. पोलादी छर्रे आले. तांब्याची गोळीही आहे. ती आत गेल्यावर फुलते, पण तिचा असा चुरा होत नाही.

आपल्याकडे गिधाडं आधीच एकदा संपता संपता राहिली. जनावरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या औषधाने त्यांचा घास घेतला. कारण कळलं २००४ साली, जनावरांसाठी बंदी आली २००६ साली. तोवर देशातली लांब चोचीची गिधाडं शंभरातली तीनच उरली होती. त्यातली काही आज आपल्याच नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करतात. हरसूलजवळ खोरीपाड्यात त्यांना बिनविषारी मढं मिळावं म्हणून खास जागा केली गेली. एकीकडे त्यांना निर्धोक घास वाढायचा आणि दुसरीकडे रानात शिसं भरलेलं मढं सोडायचं, हा कसला कारभार? तेव्हा कारण ठाऊक नव्हतं. आज ते जगाला ठाऊक आहे.

आणि हे विष माणसालाही सोडत नाही. शिकारीचं मांस चोरून शिजवणाऱ्या घरात तेच कण लेकरांच्या ताटात जातात. शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली काढलं. मग काडतुसातलं का निघू नये? बारा बोअरची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातच बनतात. शिशाविना काडतूस तिथे बनवायला लावणं सरकारच्या हातात आहे.

वनखात्याने डुक्कर मारायच्या परवान्यात बिनशिशाच्या गोळीची अट घालावी आणि ती गोळी शेतकऱ्याला परवडेल अशा दरात द्यावी. आणि ती येईपर्यंत, नामपूरकरांनो, मारलेलं डुक्कर उघड्यावर टाकू नका. वनरक्षकाला बोलवा, खोल खड्डा घ्या आणि पुरा.