काउंट करेक्ट, सर

आमच्या घरात नातेवाईक फार. खाली हॉस्पिटल, वर घर, आणि मधल्या जिन्यावरून दिवसभर मामा, मावशा, सिस्टर आणि ब्रदर यांची ये-जा. चार वर्षांची होईपर्यंत माझी समजूत होती, की पगार घेणाऱ्या माणसाला मामा म्हणतात. आईचा सख्खा भाऊ साताऱ्याहून आला तेव्हा मी त्याला "तुमची आज नाइट का?" असं विचारलं होतं म्हणे.

या गोतावळ्याच्या मधोमध अण्णा, माझे वडील. मिरजेत सर्जन असणं यात तसं विशेष काही नाही. वान्लेस साहेबांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून या गावात दगड भिरकावला तर तो डॉक्टरलाच लागतो. त्यामुळे अण्णांची ओळख सर्जन म्हणून नव्हती, 'ते मोजणारे डॉक्टर' म्हणून होती.

मोजण्याचं असं, की पोट उघडण्याआधी सिस्टर मॉप, गॉजचे तुकडे, चिमटे, सुया सगळं मोजते आणि फळ्यावर लिहिते. टाके घालायच्या आधी पुन्हा मोजते. आकडे जुळले की म्हणते, "काउंट करेक्ट, सर." मगच पोट बंद. कापसाचा तुकडा आत राहून त्याची गाठ झालीच, तर तिला वैद्यकात गॉसिपिबोमा म्हणतात. गॉसिपियम म्हणजे कापूस. आईला हा शब्द फार आवडायचा. "तो आजार आपल्या गल्लीत निम्म्या बायकांना आहे," असं ती म्हणायची.

अण्णांच्या हातून कुणाच्या पोटात काही राहिलं नाही. पण ती सवय थिएटरमधून निघाली आणि जिना चढून वर आली. रात्री बॅटरी घेऊन ते झोपलेली मुलं मोजत. लोणच्याच्या बरण्या मोजत. गावाला निघायचं झालं की कपाटाच्या दारावर खडूने यादी लिहीत: मुले ३, डाग ७, फिरकीचा तांब्या १.

एकदा पंढरपूरला निघालो होतो. तेव्हा मिरजेहून ती नॅरोगेजची छोटी गाडी जायची. सायकलवाला शेजारून पुढे जाईल अशा बेताने. अण्णांनी फलाटावर काउंट घेतला. मुलं तीन, डाग सात, तांब्या एक. "करेक्ट," म्हणाले आणि आम्हाला डब्यात चढवलं. आई मात्र फलाटावरच उभी. गार्डाने हिरवा बावटा काढला तरी ती हलेना.

"अगं, चल की!"

"माझं नाव यादीत नाही."

"तू घरातली सिस्टर. सिस्टरला कुणी मोजतं का?"

"तांब्याला मोजता ना?"

गार्ड अण्णांचा जुना पेशंट, हर्नियाचा. त्याने बावटा गुंडाळून काखेत घेतला आणि मन लावून ऐकू लागला. शेवटी अण्णांनी खिशातून खडू काढून डब्याच्या दारावर 'पत्नी १' असं लिहिलं, तेव्हा गाडी सुटली. पुढच्या प्रवासापासून कपाटावरच्या यादीत तेच पहिलं कलम असे. तांब्या तिसऱ्यावरून चौथ्यावर गेला.

अण्णांच्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. बातम्या बघताना खुर्चीच्या दांड्याला दोरा बांधून एका हाताने गाठी मारत बसायचे. आई बाळंतपणाला किंवा लग्नकार्याला गेली, की माझ्या वेण्या अण्णांकडे. भांग असा सरळ, की शाळेतल्या बाईंनी वर्गाला दाखवावा. पण रिबिनीला सर्जन्स नॉट. ती गाठ पहिल्या फेऱ्यातच दोनदा पीळ देऊन मारतात, सुटू नये म्हणूनच तिचा शोध लागलेला. ती सुटायची नाहीच. संध्याकाळी रिबिनी कात्रीने कापून काढाव्या लागत. दहाव्या दिवशी अण्णा टाके काढतानाच्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आता केसच बारीक केले तर?"

स्वयंपाकघरात त्यांना एकाच कामाला मज्जाव नव्हता, तो म्हणजे उकडीचे मोदक. अपेंडिक्स काढल्यावर उरलेला बुंधा आत ढकलतात आणि भोवती घातलेला दोरा बटव्याच्या नाडीसारखा ओढून तोंड बंद करतात. त्याला पर्सस्ट्रिंग म्हणतात. सारण ढकलायचं, कळ्या जवळ आणायच्या, पीळ द्यायचा. अण्णांचं म्हणणं, दोन्ही एकच. त्यांचा एकही मोदक कधी फुटला नाही. मात्र हे साम्य ते पंगतीत समजावून सांगत, त्यामुळे उरायचे बरेच.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी आईला हातमोजे दिले. सोन्याचे नव्हे, रबरी, साडेसहा नंबरचे. आईचा चेहरा बघून त्यांनी घाईघाईने बाल्टिमोरच्या हॉलस्टेडची गोष्ट सांगितली. त्याच्या थिएटरमधल्या कॅरोलाइन नावाच्या नर्सचे हात जंतुनाशक औषधाने फुटायचे, म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले आणि १८९० साली तिच्याशी लग्नही केलं. "म्हणजे बघ, हातमोजे थिएटरमध्ये आले ते पेशंटसाठी नव्हे, बायकोच्या हातांसाठी!"

"त्याने आधी हातमोजे दिले आणि मग लग्न केलं," आई म्हणाली. "तुम्ही पंचवीस वर्षं भांडी घासायला लावून मग दिलेत."

पण वापरले तिने. मिरच्या चिरताना.

पेशंटांना दम द्यायलाही त्यांना इतिहास पुरायचा. अपेंडिक्स सुजलेला माणूस "मेव्हण्याचं लग्न आहे, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला, की अण्णा चष्मा कपाळावर सरकवत. "१९०२ साली इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचं हेच दुखत होतं. राज्याभिषेक दोन दिवसांवर. ऑपरेशन केलं, राज्याभिषेक ऑगस्टवर ढकलला. तुमचा मेव्हणा कुठला राजा?" एक म्हातारा म्हणाला होता, "आमच्या मेव्हण्याला नका सांगू, त्याला तसंच वाटतं." त्याचंही झालं ऑपरेशन, त्याच रात्री.

आणि मग तो फोन. ताईला बघायला सांगलीची मंडळी आली होती. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडी रुसून बसतात, दोन-चार दिवस हलत नाहीत. ती पुन्हा हलली याची पहिली खबर म्हणजे वारा सरणं. त्या खबरीची सर्जन जितकी आतुरतेने वाट बघतो, तितकी मुलाच्या निकालाचीही बघत नाही. बैठकीत सगळे अवघडून बसलेले, मुलाचे वडील हवामानावर बोलत होते, आणि खालून फोन आला.

"काय? सरला? कधी?" अण्णा ताडकन उभे. "आवाज आला का? वा वा वा! आता चहा द्या!"

आतल्या मावशीने शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं आणि ती ट्रे घेऊन बाहेर आली. ताई अजून साडीच नेसत होती. अण्णा डोळे पुसत खाली बसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "तीन दिवस वाट बघत होतो हो."

"कुणाची?" मुलाच्या वडिलांनी अदबीने विचारलं.

"वाऱ्याची."

पुढची वीस मिनिटं अण्णांनी आतड्यांचा रुसवा-फुगवा समजावून सांगितला. आई आत कपाळाला हात लावून बसली. पण मुलाचे वडील पुढे सरकून ऐकत होते. त्यांनाच बारा वर्षं बद्धकोष्ठ होतं आणि इतक्या आस्थेने त्यावर कुणी बोललं नव्हतं. सोयरीक तिथेच जमली. ताई आणि भावजी एकमेकांशी काही बोलले की नाही, ते कुणाला आठवत नाही.

संध्याकाळी अण्णांचा फेरफटका ठरलेला, सतारमेकर गल्लीपर्यंत. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या तेव्हा सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. अण्णा त्यांच्यात स्वतःला भाऊबंद समजत. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर बारीक दोरा सरकवतात, त्याला जीवा म्हणतात. तो बरोब्बर जागी बसला की जवारी लागते, तार बोलू लागते. अण्णांनी टाक्यांच्या रेशमाचा तुकडा देऊन बघितला. कारागीर म्हणाला, "डॉक्टर, बोलतोय खरा, पण थोडा कण्हतोय."

पंच्याहत्तरीला त्यांचं स्वतःचं पित्ताशय काढायची वेळ आली. भूलतज्ज्ञ त्यांचाच विद्यार्थी. "सर, शंभरपासून उलटे आकडे मोजा," तो म्हणाला. अण्णांनी मान वळवून फळ्याकडे बघितलं. "आधी मॉप मोजा, मग मी मोजतो." त्याने मोजले. अण्णा अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचले.

त्यानंतर सहा वर्षांनी, पावसाळ्यात, झोपेतच गेले. आजारपण नाही, धावपळ नाही. इतक्या सुरळीत प्रकरणाचा त्यांनी संशय घेतला असता.

अस्थी विसर्जनाला कृष्णाघाटावर गेलो ते एका टेम्पोतून. निघताना आईने दारात उभं राहून मोजलं होतं: माणसं सोळा, कलश एक. परतताना सगळे चढले आणि ती पुन्हा मोजू लागली. सतरा. तिने बोटं मिटली आणि पहिल्यापासून मोजलं. सतरा. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. "थांब," आई म्हणाली. "काउंट जुळत नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागलो. मागच्या फळीला टेकून धोतर-टोपीतला एक वयस्क माणूस बसला होता. आम्हाला वाटलं तो काकांकडचा, काकांना वाटलं ताईच्या सासरचा. तो संकोचून उठला, छताला डोकं लागू नये म्हणून वाकला आणि काही न बोलता सदरा वर केला. बेंबीच्या बाजूने खाली गेलेला एक जुना, पांढरा, सरळ व्रण.

आईने पर्समधून चष्मा काढला. जवळ जाऊन, ओठ हलवत, व्रणाच्या कडेच्या खुणा वरून खाली मोजल्या.

"अकरा," ती म्हणाली. "बरोबर आहे. बसा." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल आता."