सहसंबंध जुळवावा कसा आणि मिरवावा कसा

संख्याशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात सहसंबंध गुणांकाचं सूत्र असतं, सोडवलेली उदाहरणं असतात, शेवटी स्वाध्यायही असतो. या गुणांकाच्या जोरावर चारचौघांना गप्प कसं बसवावं, एवढंच तेवढं नसतं. परीक्षेपुरती ही उणीव क्षम्य आहे. पण ज्यांना पुढे अहवाल लिहायचे आहेत, परिषदेत बोलायचं आहे किंवा वाहिनीवरच्या चर्चेत बसायचं आहे, त्यांचं फार नुकसान होतं. ते भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन. यातलं तत्त्व एकच आणि पाठ करायला सोपं आहे: गुणांक किती आला हे मोठ्यानं सांगावं, तो कसा मिळाला हे कधीही सांगू नये. गुणांकाची किंमत त्याच्या आकारावरून ठरत नाही, तो कसा शोधला यावरून ठरते, असं काही जुनी मंडळी म्हणून गेली आहेत. त्यांचा बंदोबस्त यथावकाश करू.

सरावासाठी पाऊस हा विषय घ्यावा. महाराष्ट्रात पावसाचं भाकीत करायला पात्रता लागत नाही आणि ते चुकल्यास शिक्षाही होत नाही. एका बाजूला आपल्या जिल्ह्याचा गेल्या दहा वर्षांचा पाऊस मांडा. दुसऱ्या बाजूला ज्याचे म्हणून दहा वर्षांचे आकडे मिळतील ते सगळं गोळा करा: लासलगावचा मार्च महिन्यातला कांद्याचा भाव, एसटीचे प्रवासी, दहावीचा निकाल, रणजी करंडकात मुंबईनं काढलेल्या धावा, पंचांगातलं मृग नक्षत्राचं वाहन. (वाहनं नऊ असतात, घोड्यापासून हत्तीपर्यंत. त्यांना क्रमांक द्या. बेडूक आणि म्हैस यांच्यातला फरक गणिताला कळत नाही.) अशा शंभर मालिका जमल्या की प्रत्येकीचा पावसाशी गुणांक काढा. तो उणे १ आणि अधिक १ यांच्या दरम्यान कुठेतरी येईल. आता मर्माची गोष्ट. दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसला, तरी दहा जोड्यांवर काढलेला गुणांक शंभरात पाच वेळा ०.६३ च्या पलीकडे जातो, कधी अधिक बाजूला, कधी उणे. म्हणजे शंभर निरुपयोगी मालिकांतून पाचेक ‘उपयुक्त’ मालिका निघतात, आणि त्यांतल्या अव्वल मालिकेचा गुणांक ०.७६ च्या आसपास असतो. ती ठेवा. बाकीच्यांचा पुरावासुद्धा ठेवू नका, कारण त्यांचा नुसता उल्लेख झाला तरी ०.७६ चं सगळं तेज उतरतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि त्यावरून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. पण तिथे गुणांक काढत नाहीत, त्यामुळे ती परंपरा या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरची आहे. आपल्याला दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकडे हवेत.

इथे गिल्बर्ट वॉकर आडवे येतात. केंब्रिजचे गणिती, बूमरँगच्या उड्डाणाचा अभ्यास केलेला माणूस. १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचं शिक्षण नव्हतं, म्हणून येत होतं ते हत्यार त्यांनी उचललं: जगभरच्या केंद्रांवरचा हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे मागवले आणि कारकुनांना बसवून त्यांच्याकडून गुणांकांमागून गुणांक काढून घेतले. इथवर पद्धत आपलीच दिसते. घोटाळा पुढे झाला. जितके अधिक संबंध तपासाल, तितका त्यांतला सर्वांत मोठा गुणांक नुसत्या योगायोगानंही मोठा निघणार, म्हणून त्याला खरं मानण्याची कसोटी त्याच प्रमाणात कडक करायला हवी, असं त्यांनी १९१४ सालीच लिहून ठेवलं. म्हणजे उरलेल्या पंचाण्णव मालिकांचा हिशेब मागायची सोय या गृहस्थांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. सुदैवानं ती फारसं कुणी वापरत नाही.

यावर कुणी प्रामाणिक माणूस विचारेल: शोधायचंच नाही, तर सापडणार कसं? शंभर गोष्टी तपासणं हा काय गुन्हा आहे? प्रश्न रास्त आहे. खुद्द वॉकरांनाही असाच धांडोळा घेताना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबांचा सीसॉ सापडला, आणि त्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन हे नाव दिलं. ते टिकलं. पण गुणांक मोठा होता म्हणून टिकलं नाही. नंतरच्या वर्षांचे आकडे आले तेव्हाही ते दिसत राहिलं, आणि १९६० च्या दशकात याकोब ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड प्रशांत महासागराच्या पाण्याच्या तापमानाशी, म्हणजे एल निनोशी, घालून दाखवली. मधे चाळीसेक वर्षं गेली. तेव्हा आक्षेपाचं उत्तर असं: धांडोळा खुशाल घ्यावा, मात्र जे सापडेल ते ज्या आकड्यांत सापडलं त्याच आकड्यांवर सिद्ध झालं असं म्हणू नये, नवे आकडे येईपर्यंत थांबावं. आपल्या वाचकाला थांबणं परवडत नाही, कारण परिषद डिसेंबरात असते.

पुढची सूचना आलेखाबद्दल. ठिपक्यांचा आलेख काढू नये. फ्रान्सिस अँस्कॉम यांनी १९७३ साली अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच बनवले. चौघांतही एका अक्षावरची सरासरी ९, दुसऱ्यावरची ७.५, गुणांक ०.८१६ आणि समाश्रयणाची रेषाही तीच: ३ अधिक अर्धा क्ष. कोष्टकात पाहाल तर जुळी भावंडं. कागदावर ठिपके मांडले की पहिला संच सरळ वागतो. दुसरा स्वच्छ वक्र आहे, त्याला रेषा लागूच पडत नाही. तिसऱ्यात दहा ठिपके एका ओळीत आहेत आणि एकच भरकटलेला ठिपका रेषेला आपल्याकडे ओढून नेतो. चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या रांगेत ८ वर उभे आहेत आणि लांब १९ वर एकटा अकरावा. त्याला उचलून बाजूला ठेवलं तर गुणांक काढताच येत नाही. इतकं सगळं एका नजरेत दिसतं, आणि आपल्याला नेमकी तीच नजर टाळायची आहे.

काळाचा उपयोग मात्र मनसोक्त करावा. वर्षागणिक वाढणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, त्यांचा सहसंबंध जवळजवळ हमखास जुळतो: मोबाइलच्या जोडण्या आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा, मधुमेहाचे रुग्ण आणि उड्डाणपूल. दोन्ही घटत असतील तरी चालतं. उडनी यूल यांनी १९२६ साली इंग्लंड आणि वेल्समधल्या दोन मालिका पुढे ठेवल्या होत्या: एक मृत्युदराची, दुसरी एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या लग्नांच्या प्रमाणाची, १८६६ ते १९११. गुणांक ०.९५. नोंदणी पद्धतीनं लग्न केल्यास आयुष्य वाढतं, असा सरळ निष्कर्ष समोर वाढून ठेवलेला असताना यूल यांनी त्याला निरर्थक सहसंबंध म्हटलं. दोन्ही मालिका आपापल्या कारणांनी उतरत होत्या, एवढंच. हे तपासायची युक्तीही साधी आहे: मूळ आकडे बाजूला ठेवावेत आणि यंदा व गेल्या वर्षी यांच्यातले फरक घेऊन पुन्हा गुणांक काढावा. बहुतेक वेळा ०.९५ चा फुगा तिथेच फुटतो. ही युक्ती कुणाला सांगू नये.

गुणांक हाती आला की रेषेकडे वळावं. लघुतम वर्गांची पद्धत लजांद्र यांनी १८०५ सालीच छापली: प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर घ्यायचं, वर्ग करायचा, त्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा काढायची. वर्ग केल्यामुळे दूरचा ठिपका वाजवीपेक्षा जास्त बोलतो; पण दूरचा ठिपका आपल्या बाजूचा असेल तर तक्रार कशाला करा? बारावीच्या मुलांना ठाऊक असतं की रेषा एक नसते, दोन असतात. कांद्यावरून पाऊस सांगणारी वेगळी, पावसावरून कांदा सांगणारी वेगळी. दोन्ही सरासरीच्या बिंदूत छेदतात आणि दोन्ही समाश्रयण गुणांकांचा गुणाकार म्हणजे सहसंबंध गुणांकाचा वर्ग. गुणांकाला मात्र कोण आधी आणि कोण नंतर याची फिकीर नसते. त्यामुळे दिशा आपण ठरवावी. हवामान खात्याचेच एक माजी प्रमुख चार्ल्स नॉरमंड यांनी १९५३ साली दाखवून दिलं की वॉकरांच्या दक्षिणी आंदोलनाचा भारतीय पावसाशी असलेला संबंध पावसाळ्याच्या आधीच्या महिन्यांपेक्षा नंतरच्या महिन्यांत अधिक घट्ट आहे. म्हणजे भाकितापेक्षा तो पश्चातबुद्धीच्या कामाचा. असली माहिती गुणांकात मावत नाही, हे आपलं भाग्य. वर्गाबद्दलही सावध असावं. गुणांक ०.४ असेल तर वर्ग ०.१६, म्हणजे पावसाच्या चढउतारातला शंभरातला सोळाच वाटा रेषेच्या पदरात पडतो. तेव्हा ०.४ सांगावं, वर्ग घरीच ठेवावा. आणि रेषा लांबवायला कचरू नये. एकरी दोन ते चार गोणी खताच्या आकड्यांवर काढलेली रेषा चाळीस गोणींपर्यंत न्या; रेषा हरकत घेत नाही, पीक घेतं.

ज्यांच्या हाती योजना राबवण्याचे अधिकार आहेत, त्यांच्यासाठी फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ सालीच सोय करून ठेवली आहे. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीची मापं त्यांनी मांडली. आईबाप सरासरीपेक्षा एक इंच उंच असतील तर मुलं सरासरीपेक्षा सुमारे दोन तृतीयांश इंचच उंच भरत. ठेंगण्या आईबापांची मुलंही तशीच सरासरीकडे सरकलेली. कुणी काही केलेलं नसतं. सहसंबंध पुरता १ नसला की टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा सरासरीकडे झुकणारच. पावसात तर हे आणखी ठळक, कारण एका वर्षाच्या पावसाचा पुढच्या वर्षाच्या पावसाशी संबंध फारच क्षीण. म्हणून योजनेचं उद्घाटन नेहमी सर्वांत वाईट वर्षानंतर करावं. पुढचं वर्ष बहुधा बरं जातं, आणि ‘योजनेपूर्वी’ व ‘योजनेनंतर’ अशा दोन स्तंभांचं चित्र जाहिरातीला आयतं मिळतं. योजना खरोखरच चांगली असली तर काय, असं कुणी विचारेल. असू शकते. पण ते कळायला जिथे योजना नेली नाही असे तितकेच कोरडे तालुकेही मोजावे लागतील, आणि त्यांचं उद्घाटन कोण करणार?

एवढं करूनही रेषा पुरेशी चिकटत नसेल तर घटक वाढवावेत. दहा वर्षांच्या पावसाला नऊ वेगवेगळे घटक जोडले तर सूत्र दहाही वर्षांचा पाऊस अचूक सांगतं. मग ते घटक रणजीतल्या धावा असोत की उंदीर, हत्ती, मेंढा. गेलं ते नेमकं सांगण्यात कुणीही सूत्राला हरवू शकत नाही. पुढचं नेमकं सांगण्याचा अनुभव मात्र गंभीर माणसांनाही बिकट गेला आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं १६ मापदंडांचं सूत्र हवामान खात्यानं १९८८ पासून वापरलं. ते आपल्यासारखं कांदे-वाहनं गोळा करून बनवलेलं नव्हतं. हिमालयातलं बर्फ, एल निनो अशा प्रत्येक मापदंडामागे हवामानशास्त्राची काही बाजू होती. १९८८ ते २००१ या काळात देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नाही आणि अंदाज निभावत गेले. इथे एक आडवळणाचा हिशेब करून पाहावा. देशाच्या मोसमी पावसाचं प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे. म्हणजे दरवर्षी डोळे मिटून ‘पाऊस सरासरीच्या आसपास’ म्हणणारा माणूसही तीनात दोनदा बरोबर ठरतो, आणि त्या चौदा वर्षांत त्याहूनही जास्त वेळा. अंदाजाची खरी परीक्षा वाईट वर्षीच होते. २००२ साली अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता. पडला ८१ टक्के.

त्यानंतर खात्यानं जे केलं ते आमच्या वाचकांनी अजिबात करू नये. त्यांनी आपलंच सूत्र उलगडून तपासलं आणि सोळापैकी दहा मापदंडांचा पावसाशी असलेला संबंध अलीकडच्या वर्षांत झपाट्यानं ओसरला आहे, हे स्वतःच छापून जाहीर केलं. २००३ साली जुनं सूत्र बाजूला ठेवून आठ आणि दहा मापदंडांची नवी सूत्रं आणली. ही मार्गदर्शिका त्यांच्या हाती असती, तर त्यांनी सतरावा मापदंड शोधला असता.