मदन महलचे काइंडली काका

जबलपूरच्या मदन महल परिसरात आढळणाऱ्या निवृत्त मराठी गृहस्थांच्या एका प्रकाराला सोयीसाठी ‘काइंडली काका’ म्हणता येईल. ज्याचे घर मराठीत, बाजार हिंदीत आणि अडचण इंग्रजीत चालते तो काइंडली काका, अशी त्याची व्याख्या करावी लागते.

या प्रकाराची मुळे प्रशासनाच्या इतिहासात आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे स्थिरावलेल्या घराण्यांत पुढे मध्य प्रांताच्या कचेऱ्यांतील कारकुनांची, 1904 मध्ये सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीतील नोकरदारांची आणि 1956 मध्ये मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय येथे आल्यानंतर वकिलांचीही भर पडली, आणि या सर्वांचे सामाईक कुलदैवत म्हणजे फायलीवरचे इंग्रजी. त्यातील ‘पुट अप’ म्हणजे कागद साहेबांपुढे ठेवणे, आणि ‘डू द नीडफुल’ म्हणजे काय करायचे ते आपल्याला ठाऊक नसताना दुसऱ्याने ते करावे अशी नम्र आज्ञा. कचेरीत ही वाक्ये निरुपद्रवी असतात. निवृत्तीनंतर फायली उरत नाहीत, तेव्हा ती माणसांवर चालू लागतात.

लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह झाला की काका ‘नोटेड’ म्हणतात, वाढप्याला तो होकार वाटतो, जिलेबी पानात पडते आणि वाढलेल्या साखरेची जबाबदारी रेकॉर्डवर कोणाचीच राहत नाही. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या मुलांना ‘मॅटर अंडर कन्सिडरेशन’, म्हणजे प्रकरण विचाराधीन, असे उत्तर मिळते. कारण मराठीत नाही म्हणणे जिवावर येते, हिंदीत म्हटले तर मुले हुज्जत घालतात, इंग्रजीत मात्र नकार न देताही वर्गणी वाचते.

गोंड राजा मदनशाहाच्या किल्ल्याच्या टेकडीवर दुसऱ्या खडकावर जेमतेम टेकलेली ‘बॅलन्सिंग रॉक’ ही शिळा आहे. 1997 च्या भूकंपातही ती ढळली नाही हे ऐकून पाहुणे तोंडात बोट घालतात, तर काका ‘स्टेटस को मेंटेन्ड’, अर्थात जैसे थे, एवढाच शेरा मारतात; आणि सरकारी कामकाजाचे इतके नेमके स्मारक अन्यत्र नसावे, हे मान्य करणे भाग पडते.

या भाषेवरचा उतारा घरातच असतो. कोथिंबीर विसरून आलेले काका मदन महल स्थानकावरील उद्घोषणेच्या स्वरात ‘इन्कन्व्हिनियन्स रिग्रेटेड’ म्हणतात, तेव्हा संसारभर हेच ऐकत आलेल्या काकू तव्यावरून नजर न हलवता “अहो, केस रीओपन करा,” असे सांगून रिकामी पिशवी पुट अप करतात.