लाटवाले बापूकाका

आमच्या आळीत बापूकाकांना ‘वादळ येणार का हो?’ असं विचारायची सोय नाही. ‘‘वादळ हे शेवटचं. आधी लाट कुठाय ते बघा!’’ ही लाट समुद्रावरची नव्हे, हवेतली. पोस्टातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. काकांनी मॅडन आणि ज्युलियन धरले. या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७१ साली विषुववृत्ताजवळच्या वाऱ्यात ४०-५० दिवसांचा एक झोका, म्हणजेच काकांची लाट, शोधला. ढगांचा लवाजमा घेऊन तो पूर्वेकडे सरकतो. काका त्याची वाट माहेरवाशिणीसारखी बघतात.

‘‘मे महिन्यात समुद्र रोजच तापलेला. मग रोज वादळ का होत नाही? मांडव घातला, आचारी आला, पण भटजींशिवाय अक्षता पडतात का?’’ लाट आली की हवा वर चढते, ओल उंचापर्यंत भरते, वाऱ्याला पीळ पडतो. तरी दहादा भटजी येतात आणि लग्न मोडतं, हेही काका प्रामाणिकपणे सांगतात. फक्त तिसऱ्या चहानंतर.

मे २०२२. आम्ही जेवत होतो, काकांचा डोळा मोबाईलवर. एकदम ओरडले, ‘‘जुळी झाली!’’

काकूंचा डाव हवेतच थांबला. ‘‘अगंबाई! कोणाला?’’

‘‘हिंदी महासागराला! विषुववृत्ताच्या वर असानी वादळ, खाली करीम वादळ.’’ मग त्यांनी सोलकढीच्या दोन वाट्या शेजारी ठेवल्या आणि दोन्हींना घासत मधून तळहात ओढला. ‘‘हा पश्चिमेचा वारा. बघ, वरची वाटी उलटी फिरली, खालची सुलटी. तस्सं!’’ वाट्या खरंच तशा फिरल्या. सोलकढी मात्र एकाच दिशेने, माझ्या मांडीवर आली.

काकांनी लगेच गच्चीवरची आमसुलं खाली आणवली. पुढचे तीन दिवस आमच्याकडे रखरखीत ऊन.

‘‘अहो, उद्या तरी वाळत घालू का?’’ काकूंनी विचारलं.

‘‘उद्याचं मला काय विचारतेस? त्याला वेधशाळा आहे. मी महिन्याचं बघतो.’’

असानी आंध्रात मछलीपट्टणमजवळ किनाऱ्याला टेकलं, ही बातमी काकांनी घरचा निकाल लागल्यासारखी सांगितली. काकू आमसुलं निवडत होत्या.

‘‘आणि दुसरं हो?’’

‘‘करीम? भर समुद्रातच विरलं.’’

‘‘अरेरे,’’ काकू म्हणाल्या आणि सूप घेऊन गच्चीवर गेल्या.