इंद्रलोकातले तारे

ऐकलंत का? आमच्या बी विंगेतले दुसऱ्या मजल्यावरचे काका ‘लोकल गाइड’ झाले! तेही साधेसुधे नव्हेत, लेव्हल सात. गूगल मॅपवर ५,००० गुण लागतात त्याला. फोटो चढवला की ५, अभिप्राय लिहिला की १०, नवी जागा नोंदवली की १५. अहो, किराणा दुकानाच्या कूपनांसारखं जमवत बसलेत! नवघर रोडवरचा इस्त्रीवाला, गोल्डन नेस्टचा पाणीपुरीवाला, घोडबंदरचा किल्ला, सगळ्यांना तारे वाटून झाले. परवा कोणाच्या तरी तेराव्याला गेले, तर पंगतीत शेजारच्याला विचारत होते, ‘हॉलला तीन देऊ की चार?’ आपल्या सोसायटीला मात्र दोनच दिले, कारण पाण्याला प्रेशर नाही. सेक्रेटरी तेव्हापासून लिफ्टमध्ये त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात.

आमच्या भाईंदरच्या इंद्रलोकात अप्सरा नाहीत, अमृताचं तर सांगितलंच, पण नारद प्रत्येक फेजमध्ये चार-चार. त्यामुळे पुढची बातमी मला दुधाच्या पिशवीबरोबरच मिळाली. काकांनी पुस्तकं रद्दीत काढली!

कुठली पुस्तकं, तर आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’, प्र. के. घाणेकरांचं ‘साद सह्याद्रीची’, यंग झिंगारोवाल्यांचं ‘सांगाती सह्याद्रीचा’. सख्ख्या पुतण्यालाही हात लावू देत नव्हता हा माणूस! ब्राऊन पेपरची कव्हरं, त्यावर प्लॅस्टिक, आत नॅप्थलीनच्या गोळ्या. आणि आता म्हणे, ‘सगळं फोनमध्ये आहे.’ रद्दीवाला तराजू धरून उभा, तेवढ्यात ए विंगेतली ती कॉलेजातली मुलगी आली आणि पैसे देऊन तिन्ही पुस्तकं उचलून घेऊन गेली. तिची आई डोक्याला हात लावून बसलीय. या वयात इतर मुली रील बघतात, आणि ही नकाशे बघते! कुठे बोलायची सोय आहे का?

बरं, पुस्तकवाल्यांनीही फार नाक वर करू नये. भाईंदरहून वसईला रो-रो सुरू झाली २०२४च्या फेब्रुवारीत. जुन्या पुस्तकाला ती स्वप्नात दिसणार होती का? लोकल कुठे अडकलीय ते एम-इंडिकेटरवर डब्यातली माणसंच कळवतात. छापील टाइमटेबलात बिचारी प्रत्येक गाडी वेळेवर. शिवाय ताऱ्यांची ही चटक काही फोनने लावलेली नाही हो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या बेडेकरांनी (मसालेवाले नव्हेत!) आपल्या प्रवासपुस्तकांत बघण्यासारख्या जागांपुढे तारे छापलेच होते. पण ते तारा द्यायचे चर्चला, राजवाड्याला. इस्त्रीवाल्याला नाही.

तर पावसाळा सरता सरता काका आणि ती मुलगी दोघंही हरिश्चंद्रगडावर जाऊन आली. वेगवेगळ्या रविवारी, नाहीतर मला आणखी एक विषय मिळाला असता. काकांचा अभिप्राय मी स्वतः वाचला. कोकणकड्याला तीन तारे! खाली लिहिलंय, ‘भजी गरम. धुक्यामुळे काहीही दिसत नाही. पैसे वसूल नाहीत.’ कुठले पैसे, भज्यांचे की धुक्याचे, देव जाणे.

मुलगी गेली खिरेश्वरहून, टोलार खिंडीने. खिंड चढल्यावर पुढच्या पठारावर भलेभले चकतात. तिने पुस्तक उघडलं, तर समासात शिसपेन्सिलीने काकांचंच अक्षर: ‘इथे डावीकडे जाऊ नये. दीड तास वाया. पाणी संपले. बंड्या रडला.’ मुलगी सरळ उजवीकडे वळली. कड्यावर तिलाही धुकंच लागलं, पण ती हलेना. कारण किल्ल्यांच्या पुस्तकांत हमखास लिहिलेलं असतं की १८३५ साली कर्नल साइक्सला याच कड्यावरून इंद्रवज्र दिसलं होतं. इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपलीच सावली. त्याला खाली दरीत धुकं लागतं आणि पाठीमागे ऊन. काकांनी ज्याचे दोन तारे कापले, तेच हो!

आता दिसलं का तिला? नाही दिसलं. तीन तास बसली, ऊनच पडलं नाही. पुन्हा जाणार म्हणते. आईने पुन्हा कपाळाला हात लावला.

बंड्या म्हणजे तोच पुतण्या. सध्या बँकेत मॅनेजर आहे आणि ‘मी रडलो नव्हतो’ असं सगळ्या विंगांत सांगत फिरतोय. काकांना ते पान बघायची फार हुरहूर लागली. पण पुस्तक परत मागायचं कुठल्या तोंडाने? शेवटी जिन्यात गाठलं तिला, ‘जरा बघू’ म्हणाले. चष्मा पुसून दोनदा वाचलं, हळूच हसलेही. मग खिशातून फोन काढला, पानाचा फोटो घेतला आणि तिथल्या तिथे हरिश्चंद्रगडावर चढवला.

पाच गुण!